ऑस्ट्रेलियाच्या शहरांत राहणाऱ्या आदिवासींना आधार कुठून मिळतो?
बराचसा त्यांनी स्वतः उभ्या केलेल्या संस्थांकडून. सिडनीतलं रेडफर्नच घ्या. पबमधून बाहेर पडणाऱ्या आदिवासी पोरांना पोलीस सरसकट उचलायचे, म्हणून १९७० मध्ये तिथे मोफत वकिली मदत सुरू झाली. पुढच्याच वर्षी समाजाचा स्वतःचा दवाखाना निघाला. तो आजही चालू आहे आणि कारभार आदिवासींच्याच हातात आहे. माझ्या मते खरी मेख इथेच आहे: इतर ठिकाणी हिडीसफिडीस होईल म्हणून दुखणं अंगावर काढणारा माणूस इथे बिनधास्त येतो.

घरांचं मात्र अवघड झालंय. १९७३ मध्ये सरकारी अनुदानातून रेडफर्नमधल्याच ‘द ब्लॉक’ या वस्तीतली घरं आदिवासींसाठी घेतली होती, पण आता रेडफर्नची भाडीच परवडत नाहीत. बरीच कुटुंबं सिडनीच्याच दूरच्या पश्चिम भागात, ब्लॅकटाउन-माउंट ड्रुइटच्या बाजूला राहतात.