जन्म दुसऱ्या घरात झाला असता तर?

"मॅडम, मी दुसऱ्या घरात जन्मले असते तर दुसऱ्याच नावाने प्रार्थना केली असती. तितक्याच मनापासून. मग माझ्या श्रद्धेला अर्थ काय राहिला?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न थोड्याफार फरकाने मी इतक्या जणांकडून ऐकलाय, की पहिल्या चार शब्दांतच पुढचं कळतं. विचारणारी मुलं वेगवेगळ्या धर्मांची असतात. म्हणूनच जिच्याबद्दल सांगते आहे तिचा धर्म मुद्दाम लिहीत नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

चोविशीतली मुलगी. शिकायला बाहेर राहिली, तिथे खोलीवर दुसऱ्या धर्माची मैत्रीण मिळाली. तिचीही तीच शांतता, तीच खात्री, डोळ्यांत तेच पाणी. तेव्हापासून हिची प्रार्थना घशातच अडकू लागली. घरी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

सुरुवातीच्या भेटींत ती माझ्याशी वकिलासारखी बोलली. वाचन दांडगं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने 1859 मध्ये लिहिलंय म्हणाली, की ज्या कारणांनी माणूस लंडनमध्ये ख्रिस्ती होतो त्याच कारणांनी तो पेकिंगमध्ये (आजच्या बीजिंगमध्ये) बौद्ध झाला असता. तिला वाटलं, आता माझ्याकडे उत्तर नसेल.

मी तिला अल्-गझालीबद्दल सांगितलं. 1111 साली वारलेला हा इस्लामी विद्वान. ख्रिस्त्यांची मुलं ख्रिस्ती होतात, ज्यूंची ज्यू, मुसलमानांची मुसलमान, हे त्यालाही लहान वयातच खटकलं होतं. पुढे शंकेने तो घेरला गेला, आणि नंतरच्या आणखी एका आंतरिक पेचात 1095 मध्ये बगदादमधली मानाची जागा सोडून निघून गेला. पण श्रद्धा सोडली नाही; सूफी वाटेने तिच्यापाशीच परत आला. आणि मिल? त्याला वडिलांनी कोणत्याही धर्माशिवायच वाढवलं होतं. म्हणजे त्याचं धर्म न मानणंसुद्धा घरातूनच आलेलं.

यावर ती पहिल्यांदा हसली. पण पटलेलं नव्हतं.

खरी कलाटणी पुढच्या एका भेटीत मिळाली. ती जवळजवळ जशीच्या तशी देते.

"मुलगा-मुलगी समान, हे तुला पटतं?"

"अर्थात."

"कुठून आलं हे?"

"घरातून. आईने कधी भेद केला नाही."

"दोनशे वर्षांपूर्वी जन्मली असतीस तर?"

"तर... कदाचित सुचलंही नसतं."

"मग ते खोटं?"

"नाही! मी कारणं देऊ शकते ना त्याची."

"ती कधी सापडली?"

ती थांबली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "नंतर. आधी नुसतं मानतच होते."

समुपदेशनात अशा क्षणी आपण गप्प बसायचं असतं, आणि ते मला आता बऱ्यापैकी जमतं. एखादी गोष्ट आपल्याकडे कुठून आली आणि ती टिकणारी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तिने पहिल्याचं उत्तर शोधलं आणि दुसऱ्यासमोर लिहून टाकलं.

"म्हणजे माझी श्रद्धा खरी आहे?" तिने लगेच विचारलं.

"तसं मी म्हटलेलं नाही."

देव आहे की नाही याचा निकाल माझ्या खुर्चीतून लागावा अशी अनेकांची इच्छा असते. तो मी देत नाही. माझी बैठक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांची. स्वतः नास्तिक असलेला हा माणूस आधी कडव्या धार्मिकतेला थेट मानसिक अस्वास्थ्यच म्हणे. उतारवयात त्याने ते मत बरंच सौम्य केलं: त्रास श्रद्धेचा नसतो, तिला चिकटलेल्या हट्टाचा असतो. तिच्या तर्काखालीही असाच एक हट्ट होता: 'श्रद्धा मी स्वतः निवडलेलीच असायला हवी, नाहीतर ती कवडीमोल, आणि मी फसवली गेले.' कोऱ्या पाटीवर बसून श्रद्धा निवडणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. अश्रद्धाही कुणी तशी निवडत नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 2021 च्या अहवालात भारतातल्या सुमारे 98 टक्के प्रौढांनी वाढले तोच धर्म आजही आपला म्हणून सांगितला. अमेरिकेत मात्र 2023-24 च्या पाहणीनुसार साधारण 35 टक्के लोकांची धार्मिक ओळख लहानपणापेक्षा वेगळी झालेली आहे. सोडणं शक्य आहे हे सुचणंसुद्धा जागेवर ठरतं.

तर्काची गाठ सुटल्यावर दुसरी वर आली. "आईला कळलं तर ती कोसळेल." तिच्या संमतीने मी आईंना बोलावलं.

"आमचं काय चुकलं?" त्यांचं पहिलं वाक्य.

"ताई, तिने प्रश्न तुम्हाला न विचारता मला विचारला, एवढंच मला महत्त्वाचं वाटतं."

दक्षिण कॅलिफोर्नियात 1970 च्या सुमारास सुरू झालेल्या एका अभ्यासात अनेक कुटुंबांचा पिढ्यान् पिढ्या पाठपुरावा केला गेला. ज्या घरांत आईवडिलांशी, विशेषतः वडिलांशी, जिव्हाळ्याचं नातं होतं तिथे श्रद्धा पुढे जाण्याची शक्यता जास्त दिसली. हे सांगितल्यावर आई म्हणाल्या, "म्हणजे तिच्या बाबांनी बोलायला हवं?" बोलायला नको, विचारायला हवं, असं मी सुचवलं. (बाबा आले नाहीत. बाबा सहसा येत नाहीत.)

आज ती घरच्यांसोबत प्रार्थनेला बसते, मोठ्याने काही म्हणत नाही. 'आज चुकली तर काहीतरी वाईट होईल' ही भीती तिने टाकली. देवाचा प्रश्न उघडा ठेवलाय. घरच्यांना हे अर्धवट वाटतं; मला ते बरं होणं वाटतं.

तुमचीही हीच घालमेल चालू असेल तर घाईने जाहीर काही करू नका. शंका आली म्हणजे त्याच आठवड्यात घरच्यांना निर्णय कळवलाच पाहिजे असं नाही. काही देशांत धर्म सोडणं आजही गुन्हा आहे, आणि काही घरांत तो कायद्याशिवायही गुन्हाच असतो. तिथे गप्प राहणं हा ढोंगीपणा नव्हे. आईवडिलांनो, मुलाने प्रश्न विचारला तर नातेवाइकांची बैठक बोलावू नका. तुम्ही स्वतः का मानता ते सांगा, आणि माहीत नसेल तर तसंही सांगा.

एक फरक मात्र ओळखायला हवा. मनात पाप आलं का, प्रार्थनेतला शब्द चुकला का, म्हणून कुणी तासन् तास तेच पुन्हा पुन्हा करत असेल, दहादा खात्री करूनही सुटका होत नसेल, तर हा श्रद्धेचा पेच नसून ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार) असू शकतो. त्यावर उपचार आहेत. अशांशी मी वाद घालत बसत नाही, थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.