प्राचीन इराणच्या कोणत्या राजाची कारकीर्द सगळ्यात खडतर होती?

या प्रश्नावर बहुतेक जण तिसऱ्या यझ्देगर्दचं नाव घेतात, कारण त्याच्याबरोबर इराणच्या ससानी घराण्याचं साम्राज्यच बुडालं. माझं मत मात्र त्याच घराण्यातल्या पहिल्या कवादला. (मुंबईच्या पारशांत आढळणारं कोबाद हे नाव तेच.) यझ्देगर्दवर संकट बाहेरून आलं, कवादच्या मुळावर त्याचेच सरदार उठले.

सुरुवातच वाईट. बाप पेरोझ मध्य आशियातल्या हेफ्थलाइट हूणांकडून हरला. खंडणी पुरी भरता येईना, म्हणून कवादलाच ओलीस ठेवावं लागलं. ४८४ मध्ये पेरोझ त्याच हूणांशी लढताना मेला. ४८८ मध्ये कवाद गादीवर बसला तेव्हा खजिन्यात खडखडाट होता आणि सगळा कारभार कारेन घराण्यातल्या सुख्राच्या मुठीत. कवादने मिहरान घराण्यातल्या शापूरला हाताशी धरून त्याचा काटा काढला. पुढे त्याने मझ्दक नावाच्या धर्मोपदेशकाला जवळ केलं. श्रीमंतांची संपत्ती सगळ्यांत वाटली जावी, असं मझ्दक सांगे. कवादची त्यावर श्रद्धा होती असं काही म्हणतात. मला वाटतं, त्याला सरदारांची जिरवायची होती.

४९६ मध्ये सरदारांनीच त्याला खाली ओढलं आणि भाऊ जामास्पला गादीवर बसवलं. कवादचं करायचं काय, यावर बैठक बसली. तेव्हा गुश्नस्पदाद नावाच्या सरदाराने नखं काढायची सुरी दाखवली. म्हणाला, आत्ता जे काम ही एवढीशी सुरी करेल, ते पुढे वीस हजार चिलखती स्वारांनाही जमणार नाही. हे बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातला) इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. कुणी ऐकलं नाही. कवादची रवानगी 'विस्मृतीच्या किल्ल्या'त झाली. तिथल्या कैद्याचं नाव काढलं तरी देहदंड!

तिथून तो बायकांचे कपडे घालून निसटला असं प्रोकोपियस म्हणतो. नंतरच्या काळातला इतिहासकार तबरी याच्या कथेत बहिणीने त्याला गुंडाळलेल्या बिछान्यातून बाहेर काढलं. थेट गेला हूणांकडे, ओलीस असतानाची ओळख कामी आली. तिथल्या राजाची मुलगी केली आणि दोन-तीन वर्षांत त्यांचंच सैन्य घेऊन परतला. जामास्पने न लढता गादी सोडली. गुश्नस्पदादला मात्र कवादने ठार केलं.

पण सैन्य फुकट मिळालं नव्हतं. हूणांचं देणं भागवायला कवादने बायझंटाइन सम्राट अनास्तासियसकडे पैसे मागितले, त्याने नकार दिला, आणि ५०२ मध्ये युद्ध पेटलं. आमिदाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबाकिरला, सुमारे तीन महिने वेढा पडला होता.

सगळ्यात खटकतं ते सियावशचं. त्यानेच कवादला पळायला मदत केली होती. पुढे दरबाऱ्यांनी त्याच्यावर खटला भरला. एक आरोप असा, की त्याने झरथुष्ट्री धर्माचार मोडून मेलेल्या बायकोला पुरलं. त्याला देहदंड झाला आणि कवादने हात वर केले. आयुष्याच्या अखेरीस मझ्दकच्या अनुयायांचीही कत्तल झाली.

५३१ मध्ये कवाद मेला तेव्हाही बायझंटाइनांशी लढाई चालूच होती. तरी जमीन मोजून ठराविक सारा लावायचं काम त्यानेच हाती घेतलं होतं. ते पुरं केलं मुलाने, पहिल्या खुश्रूने, आणि 'न्यायी नौशेरवान' म्हणून नावही त्याचंच झालं.