हरताळ : फासायचा आणि पाळायचा

'नियमांना हरताळ फासला' यातला हरताळ आणि दुकाने बंद ठेवून पाळतात तो हरताळ एकच का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. एकच असेल, तर बंद 'फासायचा' कसा, ही त्यांची अडचण. अडचण रास्त आहे, कारण हे दोन वेगळे शब्द आहेत. उच्चार तेवढा सारखा झाला.

बंदचा हरताळ बाजारातून आला. हट्ट म्हणजे बाजार. आपल्या 'बाजारहाट'मधला हाट तोच. ताल म्हणजे कुलूप, टाळे. बाजाराला टाळे, ते हट्टताल. गुजरातीत हडताळ, हिंदीत हडताल, आपल्याकडे ड चा र होऊन हरताळ. रौलट कायद्याच्या विरोधात ६ एप्रिल १९१९ ला गांधीजींनी देशभर पाळायला सांगितला तो हा. हा पाळतात, पुकारतात. फासत कधीच नाहीत.

फासायचा हरताळ हे एक खनिज आहे. संस्कृतात हरिताल. हळदीच्या 'हरिद्रा'तला पिवळेपणा याच्याही नावात आहे. गंधक आणि सोमल (आर्सेनिक) यांचे हे संयुग, म्हणून विषारी. अभ्रकासारखे पापुद्रे सुटणारा हरताळ उत्तम समजतात. चित्रकाराला तो पिवळ्या रंगासाठी लागे, वैद्याला औषधासाठी आणि पोथी लिहिणाऱ्याला चुकीसाठी.

आता पोथीकडे येऊ, कारण वाक्प्रचार तिथेच जन्मला. बोरूने शाईत लिहिलेले अक्षर चुकले तर करायचे काय? खरवडले तर हातकागद फाटतो. काट मारली तर पान विद्रूप होते. मग लेखक हरताळाची बारीक पूड डिंकाच्या पाण्यात कालवी आणि चुकलेल्या अक्षरावर तिचा लेप देई. हातकागद मुळात पिवळसर, त्यामुळे लेप डोळ्यांत खुपत नसे. वाळला की त्यावरच नवे अक्षर लिहायचे. शब्द गळला असेल तर ओळीत काकपदाची, म्हणजे कावळ्याच्या पावलासारखी, खूण करून तो समासात लिहीत. ही खूण मुद्रितशोधनात आम्ही शेवटपर्यंत वापरली. काही पोथ्यांच्या अख्ख्या पानांनाच हरताळ दिलेला असतो, तो कसर लागू नये म्हणून.

म्हणजे 'हरताळ फासणे' याचा मूळ अर्थ लिहिलेले पुसून टाकणे. त्यामुळे जे आधी लिहिले, ठरवले किंवा बोलून दाखवले, ते पुढे स्वतःच्याच वागण्याने नाहीसे केले, की तिथे हा वाक्प्रचार चपखल बसतो. वचनाला, कराराला, घटनेतल्या कलमाला, आयुष्यभर सांगितलेल्या तत्त्वाला हरताळ फासता येतो. 'पावसाने सहलीच्या आनंदाला हरताळ फासला' असले वाक्य माझ्या टेबलावर आले की मी 'आनंदावर विरजण पडले' असे करीत असे. पावसाने काहीही पुसलेले नसते. काही जण याला काटेकोरपणाचा अतिरेक म्हणतील, पण शब्दामागची वस्तू एकदा डोळ्यांनी पाहिली की सैल वापर सहन होत नाही.

मला यात एक गोष्ट मनापासून लागते. पोथीतला हरताळ हे शुद्ध लिहिण्याच्या काळजीचे साधन होते. जो लेप देई तो चूक कबूल करून ती दुरुस्त करीत असे. भाषेने त्यातले फक्त पुसणे ठेवले, वर लिहिलेले बरोबर अक्षर सोडून दिले. 'फासणे' हे क्रियापद जोडले गेल्यामुळेही असेल. काळे फासतात, शेंदूर फासतात, त्या क्रियापदात हलक्या हाताला जागाच नाही.

जाता जाता, हरतालिकेचा या दोहोंशी संबंध नाही. व्रतकथा तिची फोड हरिता आणि आलि अशी करते : सखीने पळवून नेलेली पार्वती.

एका जुन्या पोथीचे पान मी भिंगाखाली पाहिले होते. नखाएवढा पिवळा ठिपका, त्यावर ठसठशीत 'व'. लेप एका कडेने उडालेला होता, आणि तिथून खालच्या 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ स्पष्ट दिसत होती.