कोयनेचा 1967 चा भूकंप धरणामुळेच झाला, हे तेव्हाच्या शास्त्रज्ञांनी कशावरून ठरवलं?

या प्रश्नावरून आमच्या घरात दोन दिवाळ्या नासल्यात, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं, कोयनानगरपासून पायी तासाभरावर. 1962 च्या सुमारास शिवाजीसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी साठू लागलं आणि भुईतून गुडगुड सुरू झाली. आधी आवाज, मग हादरा. काका धरणावर ओव्हरसियर. ते म्हणायचे, बोगद्याचे सुरुंग आहेत. आजी म्हणायची, "रातच्याला दोनला कोन सुरुंग उडवतंय रं?" एके सकाळी तिने उतरंड मोडली. पाची मडकी खाली काढून भिंतीपासून हातभर लांब, ओळीने चुंबळीवर बसवली. काकांना हा त्यांच्या नोकरीचा अपमान वाटला, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत विसरला नाही.

खडकवासल्याच्या संशोधन केंद्राने मोठ्या भूकंपाआधीच धरणाभोवती सिस्मोग्राफ, म्हणजे हादरे नोंदणारी यंत्रं, बसवले होते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तिथल्या एस. के. गुहा आणि सहकाऱ्यांना त्या नोंदींत दिसलं ते असं: हादरे उथळ आहेत, जलाशयाच्या आसपासच दाटलेत, आणि पावसाळ्यात पाणी चढलं की काही काळाने वाढतात. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी मोठा धक्का बसला तेव्हा धरणाच्या आतलं यंत्रही चालू होतं. आखणीत धरलेला हादऱ्याचा जोर 0.05 जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग), नोंदला गेला 0.63. धरणाला तडे गेले पण ते उभं राहिलं. आमचं माजघर नाही राहिलं. आजीची मडकी मात्र दोनच फुटली.

काकांचा ठरलेला सवाल: "एवढ्याशा पाण्याच्या वजनाने सह्याद्री हलतो होय?" अहो, वजनाचं घेऊन बसलात कुठे! पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणलेल्या भ्रंशाची, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेची, पकड सुटते. ताण जुनाच, धरण निमित्त. काळ्या दगडाचं पठार म्हणजे भूकंपाची भीती नाही, ही तेव्हाची समजूत शुद्ध घमेंड होती. तो काळा दगड कोयनेला जेमतेम एक-सव्वा किलोमीटर जाड आहे, हे आता भोकं पाडून पाहिलंय. खाली ग्रॅनाइट, आणि बहुतेक हादरे त्यातच.

एक सांगायचं राहिलं. सगळीच धरणं असं करत नाहीत, आणि किल्लारीला हेच गणित डोळे झाकून लावू नका, तिथे मतभेद आहेत.

तुमच्याही घरात कोणी "योगायोग" म्हणणारं असेल तर वाद घालू नका, त्यांचं घर बघा. आमच्या काकांनी निवृत्तीनंतर कराडला बंगला बांधला, तेव्हा गवंडी नको म्हणत असताना चारी कोपऱ्यांत भूकंपाचं जादा लोखंड घालून घेतलं. सुरुंगांसाठी घातलं असेल.