जानेवारीत डोंगरात ५० किलोमीटरची रेस आहे, गाव सपाट आहे, तयारी कशी करू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की गाव दर्यापूरकडचं, एका तासात १० किलोमीटर आरामात पळता, जानेवारीत सह्याद्रीतली ५० किलोमीटर आणि १८०० मीटर चढाची रेस भरून बसलात, पाच-सहा तास धरलेत आणि आता चढाची भीती वाटून रायली. तर पहिली गोष्ट, चढाची भीती सोडा. चढ चालत जायचा असतो, सगळेच चालतात, त्यात लाज नाही. भीती धरायची तर थांबायची धरा, खरं सांगतो.

मी अचलपूर तालुक्यातला, आधी भरतीचा पोट्टा. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे रोडवर पळणारे जे असतात ना मफलर बांधून, त्यातलाच एक. दोनदा लटकलो, नोकरी लागली नाही, पळायची सवय तेवढी लागली. मग एका डिसेंबरात मी आणि एक मित्र धामणगाव गढीकडून चिखलदऱ्याला घाटातून पळत निघालो. अंगात सुती बनियन, वर सुती टीशर्ट, कारण तेच होते. चढताना घामानं चिंब झालो पण थंडीचं नावही नाही, उलट मस्त वाटत होतं. मोथा गावाजवळ वर आलो, तिथं वारा लागतो, मित्र मागं राहिला म्हणून टपरीवर चहा सांगितला आणि बसलो. वीस मिनिटं असेल फार तर. आधी दात वाजायला लागले, मग हात इतका हलायला लागला की अर्धा चहा पॅन्टवर. मित्र आला तेव्हा मी त्याला काहीतरी सांगत होतो आणि त्याला एक शब्द कळत नव्हता, त्याला वाटलं मस्करी करून रायला. टपरीवाली मावशी मात्र बरोबर समजली, ओरडलीच, "बाप्पा, वल्ल्या कपड्यानं काऊन बसला बे पोट्ट्या, काढ पयले थो बनियन!" मला तो काढताही येईना, बोटंच ऐकत नव्हती, शेवटी मित्रानं काढला. मावशीनं तिच्या नवऱ्याचं स्वेटर दिलं, शेकोटीजवळ बसवलं, अर्ध्या तासानं माणसात आलो.

त्या दिवशी बर्फ नव्हता, पाऊस नव्हता, ऊन पडलेलं होतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की शरीराचं आतलं तापमान ३५ अंशाच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि बोबडी वळणं, बोटं न चालणं ही त्याचीच सुरुवात. माझं किती खाली गेलं होतं ते कोणी मोजलं नाही, पण लक्षणं तीच. पळताना मांड्या म्हणजे चालू भट्टी असते, थांबलं की भट्टी बंद, आणि ओला कपडा अंगाला चिकटलेला. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं उष्णता ओढतं, त्यात सुती कापड घाम धरून बसतं. आपण कापूस पिकवणारी माणसं, कापसाला नावं ठेवायला जिवावर येतं, पण हिवाळ्यात डोंगरात सुती नकोच. बाजारात दीड-दोनशेत क्रिकेटचा जो पॉलिस्टर टीशर्ट मिळतो तो चालतो. वर साधं विंडचीटर, आणि पिशवीत पॉलिथिनमध्ये बांधलेला एक कोरडा टीशर्ट. कुठंही पाच मिनिटांच्या वर थांबायचं असेल तर आधी तो बदला, मग चहा सांगा. कान आणि बोटं झाका, माकडटोपीला हसणारे हसू द्या.

इंग्लंडमध्ये डोंगरात पळायच्या प्रकाराला फेल रनिंग म्हणतात, फेल म्हणजे तिकडच्या बोलीत डोंगर. रस्ता नाही, पायवाटही कधी असते कधी नसते, गवत, दलदल, दगड, धुकं. त्यांचे डोंगर उंचीनं फार नाहीत, हजार मीटरच्या आतले, आपला चिखलदरा त्याहून वर आहे. पण तिथल्या लांब रेसमध्ये वॉटरप्रूफ जॅकेट-पॅन्ट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि जास्तीचं खाणं अशी यादीच असते, सामान तपासतात, नसेल तर सोडत नाहीत. बॉब ग्रॅहम नावाच्या केझिक गावातल्या माणसानं १९३२ साली २४ तासांच्या आत ४२ शिखरं केली, साधारण १०६ किलोमीटर, ते अजून लोक करतात, काही वेडे मुद्दाम हिवाळ्यातही करतात जेव्हा तिकडं दिवसच साडेसात तासांचा असतो. जानेवारीत तिकडं स्पाइन रेस असते, ४३१ किलोमीटर. २०१९ साली जॅस्मिन पॅरिस ह्या बाईनं ती ८३ तास १२ मिनिटांत मारली, पुरुषांसकट सगळ्यांच्या आधी, आणि घरी चौदा महिन्यांची पोरगी होती म्हणून मधल्या मुक्कामांवर दूध काढत काढत. हे वाचल्यापासून मी "वेळ भेटत नाही" म्हणणं बंद केलं.

आता तुमचा पाच-सहा तासांचा हिशोब. तो सपाटीचा आहे, डोंगरात चालत नाही. नेस्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या माणसानं १८९२ मध्ये एक साधं गणित दिलंय, चालताना ५ किलोमीटरला एक तास, आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे तुमचे १० तास अधिक ३, एकूण १३. तुम्ही पळणार म्हणून कमी लागेल पण पहिल्याच वेळी नऊ-दहा तास धरून चला. जानेवारीत उजेड अकरा तासांचा, आणि अशा रेस बहुतेक अंधारातच सुटतात, म्हणून डोक्याची ब्याटरी लागणारच. महागडी घेऊ नका, रात्रीची लाइन आली की ओलिताला जाताना आपण जी बांधतो तीच चालते, फक्त रेसच्या आधी पूर्ण चार्ज करून किती तास टिकते ते एकदा घरी पाहा. थंडीत ब्याटरी लवकर उतरते, मोबाइलही, म्हणून तो आतल्या खिशात.

सपाट गावात सराव कसा, तर धरणाची पाळ शोधा. चढा चालत, उतरा पळत, वीस-पंचवीस वेळा. उतार जास्त महत्त्वाचा आहे हे कोणी सांगत नाही. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारतो, त्यानं तो आतून झिजतो, आणि दुखणं त्याच दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, संडासला बसताना भिंत धरावी लागते. पण एकदा असं दुखून गेलं की पुढच्या वेळी निम्मंही दुखत नाही, म्हणून ते दुखणं रेसच्या महिनाभर आधीच उरकून घ्या. लहान लहान पावलं, नजर दोन-तीन मीटर पुढं. पाळ नसेल तर नांगरलेल्या काळ्या रानातून चाला, ढेकळांवर घोटे जे शिकतात ते रोडवर शिकत नाहीत.

खाणं दर अर्ध्या तासाला थोडं, भूक नसली तरी. गूळ-शेंगदाणे, तिळाची चिक्की, मिठाची पुडी. संत्री आमच्याकडं ह्या दिवसांत ढीगभर असतात पण गारठलेल्या बोटांनी सोलता येत नाहीत, घरूनच सोलून डब्यात न्या. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी विसरू नका, आणि नुसतं साधं पाणी ढोसूही नका, रक्तातलं मीठ पातळ होतं. आणि रेसच्या आदल्या रात्री बहिरमच्या यात्रेतलं हंडीचं मटण आणि रोडगे खाऊ नका. मी खाल्लेत. घाटात बसायचं कुठं हा फार मोठा प्रश्न असतो.

मेळघाटात सरावाला यायचं असेल तर उजाडल्यावरच आणि डांबरी रोडनंच. हा व्याघ्र प्रकल्प आहे, आतल्या वाटांवर पायी परवानगी नसते, आणि वाघापेक्षा अस्वलाचं भ्या धरा, पहाटे आणि सांजच्या वेळी ते फिरतं आणि अचानक समोर आलं की पळत नाही, अंगावर येतं. शिवाय पहाटे गार हवा नाल्यात उतरून बसते, वरच्यापेक्षा खालीच जास्त झोंबतं.

एखाद्या रविवारी परतवाड्याची एसटी धरून या, दिवस वर आल्यावर सोबत निघू. मावशीची टपरी अजून आहे. कोरडा टीशर्ट मात्र स्वतःचा आणा, माझ्याजवळ एकच जास्तीचा असतो.