पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत अडकतं, रंधा मारून घ्यावा का?

आत्ता नको, अगदी कळकळीनं सांगतो. बेळगाव-खानापूरच्या पावसात लाकूड फुगणारच. आमच्याकडे भर जुलैत रंधा मारला. दिवाळीनंतर दार सुकलं आणि कडेनं उजेड दिसायला लागला.

आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा. पुष्कळदा दार फुगलेलं नसतं, नुसतं उतरलेलं असतं. स्क्रू जागीच फिरत असेल तर भोकात फेविकॉल घालून गूल तोडलेल्या आगकाड्या ठोका, रात्रभर सुकू द्या, मग पिळा.

तरीही अडकलं तर चौकटीला खडू फासून दार लावा. दारावर खडू उमटेल तिथं घासतंय. तिथं मेणबत्ती चोळा, पावसाळा निघून जातो.

रंधा मार्चमध्ये मारा. तेव्हाच दाराच्या वरच्या-खालच्या कडांना रंग द्या. त्या बहुतेक कोऱ्याच राहतात आणि ओल तिथूनच शिरते.