शेजारच्या काकूंना रॉड टाकला, मग आमच्या आईचा गोळा का बदलायचा?

सिंहगड रोडचे एक दादा आले होते, हातात रिपोर्टची पिशवी आणि चेहरा पार उतरलेला. आई ७४ वर्षांची, बाथरूममध्ये घसरून पडली, खुब्याचं फ्रॅक्चर, डॉक्टर म्हणाले गोळा बदलू. दादांचं म्हणणं एकच, शेजारच्या काकूंचाही खुबाच मोडला होता ना, त्यांना रॉड टाकला आणि हाड जुळलं की, मग आमच्या आईचंच का, बिल वाढवायला का? हे खूप घरांतून विचारतात आणि विचारायलाच पाहिजे.

मी ऑर्थोच्या ओपीडीत समुपदेशन करते. टेबलावरचं मांडीच्या हाडाचं मॉडेल त्यांच्या हातात दिलं. वर गोळा, तो कमरेच्या हाडाच्या वाटीत बसतो, त्याखाली तिरकी बारीक मान, आणि तिच्या खाली बाहेरच्या अंगाला जाड उंचवटा. कुशीवर झोपलं की गादीला लागतो तो हा उंचवटा, सांधा तिथे नसतोच, तो आत जांघेकडे खोल असतो. म्हटलं, आता मानेवरून बोट फिरवा, गोळ्याला बहुतेक रक्त हिलाच चिकटून वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांमधून मिळतं. मान तुटून हाड सरकलं की त्याही बऱ्याचदा तुटतात, मग स्क्रू मारले तरी हाड जुळेलच असं नाही, आणि जुळलं तरी पुढे गोळा रक्ताविना मरू शकतो, म्हणजे या वयात पुन्हा ऑपरेशन.

दादांनी तिथेच बसून काकूंचा एक्सरे व्हॉट्सॲपवर मागवला, डॉक्टरांना दाखवला. आईंची मानच तुटून सरकलेली, काकूंचं मात्र मानेच्या खाली, उंचवट्यापाशी मोडलेलं. तिथे रक्तपुरवठा चांगला असतो, रॉडवर जुळतं. तरुण माणसाची मान मोडली तर मात्र आधी गोळा वाचवायलाच बघतात, हेही सांगितलं.

आणि प्लीज, ठरवण्यात दिवस घालवू नका हो, म्हातारं माणूस पडून राहिलं की न्यूमोनिया, बेडसोर, पायात रक्ताच्या गाठी, हे फ्रॅक्चरपेक्षा जास्त छळतं.

आजींना भेटले तर त्यांचं वेगळंच, "पोथी वाचायला मांडी घालून बसता येईल ना गं?" म्हटलं आजी, सध्या नाही, पाटावर नाही, पायावर पाय नाही, खुर्चीत बसून वाचा, पुढचं डॉक्टर तपासून सांगतील. दादा तेवढ्यात घरच्या कमोडची उंची विचारायला बायकोला फोन लावत होते.